‘इट’ म्हणजे बंडी की फाटक? इंग्रजी वाक्यदुरुस्तीतील सर्वनामे आणि विरामचिन्हे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली संध्याकाळी बसतात आणि मी त्यांचा इंग्रजीचा सराव घेतो. वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नातील काळाची किंवा क्रियापदाची चूक त्यांना चटकन दिसते. मात्र सर्वनाम नेमके कोणासाठी आले आहे आणि स्वल्पविराम कोठे नको आहे, या दोन ठिकाणी ती हमखास अडतात. माझ्या मते याचे मूळ आपल्या मराठीच्या सवयींत आहे आणि उपायही बराचसा तेथेच सापडतो.

‘व्हेन द कार्ट हिट द गेट, इट ब्रोक’ हे वाक्य घ्यावे. ते मराठीत सांगताना आपल्याला थांबावेच लागते, कारण बंडी, म्हणजे बैलगाडी, मोडली असेल तर ‘मोडली’ म्हणावे लागते आणि फाटक मोडले असेल तर ‘मोडले’. मराठीत क्रियापदाचे लिंग जो खुलासा करते, तो इंग्रजीत कोणीच करत नाही. ‘इट’ दोघांनाही सारखेच लागू पडते. म्हणून पहिली पायरी अशी, की वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे, आणि क्रियापद दोन्ही तऱ्हांनी चालवता येत असेल तर वाक्य संदिग्ध समजावे. फाटक मोडले असेल तर सर्वनाम टाकून ‘द गेट ब्रोक’ असे नाम पुन्हा लिहावे. बंडी मोडली असेल तर ‘द कार्ट ब्रोक व्हेन इट हिट द गेट’ अशी मांडणी केली की शंका उरत नाही.

दोन्ही नामे एकाच लिंगाची असली की ही कसोटी पुरत नाही. तेव्हा ‘आपला’ हा शब्द मदतीला येतो. ‘रमेशने सुरेशला आपली वही दिली’ आणि ‘रमेशने सुरेशला त्याची वही दिली’ यांतील फरक आपल्याकडे लहान मुलालाही कळतो, पण इंग्रजीत दोन्हींसाठी ‘रमेश गेव्ह सुरेश हिज नोटबुक’ एवढेच उरते. ‘रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड पास्ड’ या वाक्यातही तोच घोटाळा आहे. आपण ‘मी पास झालो’ किंवा ‘तू पास झालास’ असे सांगून मोकळे होतो. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात मात्र ‘मी’ आणि ‘तू’ दोघांचाही ‘ही’ होतो. अशा प्रश्नात ‘दॅट सुरेश हॅड पास्ड’ असा पर्याय दिसला, तर नाव दोनदा आले म्हणून तो सोडू नये. कानाला खटकणारे, पण एकच अर्थ देणारे वाक्य तेथे बरोबर ठरते. आमच्या खोलीत सर्वाधिक गुण याच ठिकाणी जातात.

एकट्या ‘धिस’वरही नजर ठेवावी. व्यापाऱ्यांनी भाव पाडला, शेतकऱ्यांनी कापूस घरीच ठेवला आणि पुढचे वाक्य ‘धिस’ने सुरू झाले, तर ते कशाबद्दल आहे? ‘धिस फॉल इन प्राइस’ असे नाम जोडले की काम होते. आदरार्थी अनेकवचनाची सवय तेवढी सोडावी लागते: वडिलांना किंवा सरांना आपण ‘ते’ म्हणतो, म्हणून ‘माय फादर’साठी पुढे ‘दे’ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

आता विरामचिन्हे. रिद्धपूरला महानुभावांनी तेराव्या शतकात मराठी गद्य लिहिले, तेव्हा स्वल्पविराम आपल्याकडे नव्हता. आजची चिन्हे एकोणिसाव्या शतकात कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने इंग्रजीतून आली. चिन्हे तीच असली तरी ती वापरण्याची रीत आपण आपली ठेवली, आणि चूक नेमकी त्या अंतरात होते. ‘विहीर आटली, म्हणून पाणी विकत घेतो’ हे मराठीत निर्दोष आहे. ‘द वेल इज ड्राय, देअरफोर वी बाय वॉटर’ हे सदोष आहे, कारण ‘देअरफोर’ आणि ‘हाउएव्हर’ यांना दोन पूर्ण वाक्ये स्वल्पविरामाने जोडण्याचा अधिकार नाही. त्यांच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. ‘सो’, ‘अँड’, ‘बट’ असतील तर स्वल्पविराम चालतो. मी स्वतः पहिल्या नोकरीच्या अर्जात ‘माय फादर इज अ फार्मर, ही ओन्स फोर एकर्स’ असे लिहिले होते आणि तपासणाऱ्या साहेबांनी त्या स्वल्पविरामाभोवती लाल गोल काढून अर्ज परत दिला होता.

‘तो म्हणाला, की’ या सवयीने ‘ही सेड’नंतर आणि ‘दॅट’च्या आधी स्वल्पविराम देऊ नये. ‘हू’ने सुरू होणाऱ्या उपवाक्याला मात्र अधिक विचार लागतो. ‘द फार्मर्स हू हॅड सोन सोयाबीन लॉस्ट देअर क्रॉप’ याचा अर्थ ज्यांनी सोयाबीन पेरले होते त्यांचेच पीक गेले; ‘हू’च्या आधी आणि ‘सोयाबीन’नंतर स्वल्पविराम दिले तर सर्वांनीच सोयाबीन पेरले होते आणि सर्वांचेच पीक गेले, असा अर्थ होतो. येथेही मराठीला विचारावे: मनातले वाक्य ‘ज्यांनी–त्यांचे’ असे होत असेल तर इंग्रजीत स्वल्पविराम नको, आणि ‘त्यांनी पेरले होते, आणि त्यांचे पीक गेले’ असे होत असेल तर दोन्ही बाजूंना हवा. उपवाक्य वाक्याच्या मध्ये असेल तर एकाच बाजूला दिलेला कधीच बरोबर नसतो, हे पर्याय गाळताना फार उपयोगी पडते.

‘इट'स’ दिसले की तेथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून पाहावे; अर्थ लागला नाही तर ‘एस’च्या आधीचे वरचे चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) काढून टाकावे. एका शेतकऱ्याच्या वस्तूसाठी ते चिन्ह ‘एस’च्या आधी येते, अनेकांच्या सामायिक वस्तूसाठी नंतर.

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुणांचे असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. त्यामुळे आधी क्रियापद, मग सर्वनाम आणि शेवटी विरामचिन्ह असा क्रम आम्ही ठेवला आहे. दोन पर्याय उरले आणि त्यांतील एकाने मूळ वाक्याचा अर्थच बदलला असेल, तर तो कितीही सफाईदार वाटला तरी आम्ही खोडतो.