टोमॅटोचा गर बरणीबंद करायचा तर उकळी पुरत नाही

टोमॅटो कवडीमोल झाले की वर्षभराचा गर करून ठेवायची हुक्की येते. गर उकळायचा, गरमागरम बरणीत भरायचा, झाकण आवळायचं. मीही असंच करायचो. पण बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट सुप्त रूपं, १०० अंशांची उकळी पचवतात. बंद बरणीत हवा नसते, तेच त्यांना मानवतं. तिथे ते रुजले की विष तयार होतं, आणि त्याला वास असेलच असं नाही.

बीजाणू मारायला १२१ अंश लागतात, म्हणजे दाबाखालची वाफ. कारखान्यात ती असते. काही डबाबंद पदार्थांत शिवाय नायसिन घालतात. दूध आंबवणाऱ्या एका जिवाणूपासून मिळणारं हे द्रव्य उष्णतेने खिळखिळ्या झालेल्या बीजाणूंना रुजू देत नाही. घरी तेच काम आंबटपणा करतो. पीएच हे आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट. ते ४.६ च्या खाली असेल तर बीजाणू जिवंत राहिले तरी रुजत नाहीत. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो, म्हणून आंबट वरून घालायचं.

१. टोमॅटो मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार पाण्यात घाला. सालं सुटतात. कुस्करून पाच मिनिटं उकळा.

२. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक गरम बरणीत आधी पाव चहाचा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड टाका. ताज्या लिंबाच्या आंबटपणाचा भरवसा नाही. चव आंबट लागली तर साखर घाला, अ‍ॅसिड कमी करू नका. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने आंबटपणा उतरतो.

३. वर अर्धा इंच जागा सोडून गर भरा, हवेचे बुडबुडे काढा, काठ पुसा. बरणीबंद करण्यासाठीचं नवं झाकण लावा.

४. बरण्या पूर्ण बुडतील अशा पातेल्यात ठेवा. पाणी खळखळू लागल्यावरच घड्याळ लावा: मुंबईत ३५ मिनिटं, पुण्यात ४०, महाबळेश्वरला ४५. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं.

५. रात्रभर हलवू नका. सकाळी झाकणाचा मध्य दाबून बघा. तो खाली बसलेला हवा. टक् वाजला तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा.

मटार, मका, फरसबी आंबट नसतात, त्यांना ही रीत चालत नाही. शिट्टीच्या कुकरमध्येही हा प्रयोग नको: तो पटकन तापतो, पटकन निवतो, आणि मोठ्या कॅनरसाठी (बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवायच्या भांड्यासाठी) ठरवलेल्या वेळा त्याला लागू पडत नाहीत. मटार सरळ फ्रीझरमध्ये टाका.