चिन्ह टाकण्याआधी दोन्ही बाजू बघा

इंदूरमधल्या मराठी घरांत मुलं शाळेत गणित हिंदी-इंग्रजीतून शिकतात आणि अडलं की आई-आजोबांकडे मराठीतून विचारतात. <, >, = यांपैकी चिन्ह निवडताना त्यांना सांगा: लगेच आकडेमोड नको, आधी दोन्ही बाजूंत काय बदललंय ते बघ.

३७ + ५८ आणि ३८ + ५६ घ्या. उजवीकडे एक संख्या १ ने वाढली, दुसरी २ ने घटली. म्हणजे डावी बाजू मोठी, चिन्ह >. बेरीज करावीच लागली नाही! गुणाकारात मात्र हा हिशोब चालत नाही, आणि मुलं फसतात ती इथेच. ४९ × ५१ आणि ५० × ५० यांत बेरीज दोन्हीकडे १००, पण गुणाकार २४९९ आणि २५००, म्हणून <. बेरीज तीच असेल तर जवळजवळच्या धन संख्यांचा गुणाकार मोठा येतो.

सराफ्यातली (इंदूरच्या खाऊबाजारातली) पाऊण किलो जिलबी जास्त की ७०० ग्रॅम? आधी एकक सारखं करा: ७५० > ७००.

ऋण संख्यांकडे विशेष लक्ष द्या. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं: ३ < ७, पण −३ > −७.