दोन मिनिटांचा प्रारंभ : विद्यार्थी प्रकल्पासाठी चित्रपटाची सुरुवात कशी चित्रित करावी

माध्यमशास्त्राच्या अभ्यासक्रमात पुष्कळदा संपूर्ण लघुपट न मागता एखाद्या कल्पित चित्रपटाची केवळ पहिली दोन मिनिटे, श्रेयनामावलीसह, तयार करून आणण्यास सांगितले जाते. दोन मिनिटे म्हणजे फार नाही, असे वाटून विद्यार्थी कामाला लागतात आणि बहुतेक गट एकच चूक करतात. नापिकी, कर्ज, बहिणीचे लग्न, शहरात गेलेला भाऊ, असे सगळेच ते त्या दोन मिनिटांत कोंबू पाहतात. प्रारंभाचे काम गोष्ट सांगण्याचे नसते. प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न उभा करावा आणि त्याचे उत्तर न देता थांबावे, एवढेच त्याचे काम असते. पुढे जे सांगितले आहे ते सारे या एका गोष्टीसाठी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात महाविद्यालयीन मुलांच्या गटाबरोबर मी केलेले असेच एक काम उदाहरणादाखल घेतो.

विषय आपल्या वावरातून उचलावा

आमच्या गटाने पहिल्यांदा मांडलेली कल्पना पोलीस, गुंड आणि काळ्या काचांची गाडी अशी होती. यातले आमच्यापाशी काहीच नव्हते. मग मी मुलांना विचारले, की गावात रात्री तुम्हाला कशाची भीती वाटते? एका मुलाने सांगितले, की वडील रात्रीच्या लाईनवर गव्हाला ओलीत करायला जातात तेव्हा ते परत येईपर्यंत आई जागी असते. कृषिपंपांना अनेक ठिकाणी थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते, त्यामुळे हिवाळ्यात मध्यरात्रीही शेतकऱ्याला वावरात जावे लागते, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. विषय तिथेच मिळाला.

गोष्ट अशी ठरली. एक शेतकरी पाण्याची मोटार सुरू करतो, दांडाने, म्हणजे मातीच्या पाटाने, पाणी वाफ्यात सोडतो, घरून मुलीचा फोन येतो, तो दोन शब्द बोलतो. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजतो, पण कोणी उचलत नाही. वाफा भरून पाणी बाहेर वाहू लागले आहे आणि वाहत वाहत ते जमिनीवर पडलेल्या पेटत्या टॉर्चपर्यंत पोहोचले आहे. तेवढ्यात लाईन जाते, मोटार बंद पडते आणि त्या शांततेत पडद्यावर चित्रपटाचे नाव उमटते. माणूस कुठे गेला, हा एकच प्रश्न मागे राहतो. त्याला रानडुकराने गाठले, सर्प चावला की तो आपणहून निघून गेला, हे गटाने आपसात ठरवून ठेवावे, म्हणजे अभिनय आणि चित्रण भरकटत नाही. प्रेक्षकाला मात्र त्यातले काहीही सांगू नये.

कागदावरचे काम

पटकथेचे एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून दोन पानांपेक्षा जास्त लिहू नये. पटकथेत केवळ दिसणारे आणि ऐकू येणारे लिहावे. ‘तो चिंतेत आहे’ हे वाक्य कॅमेऱ्याला चित्रित करता येत नाही, पण ‘तो फोन कानाला लावूनही नजर मोटारीच्या दिशेने ठेवतो’ हे चित्रित करता येते.

त्यानंतर शॉटची यादी करावी. दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद, आणि एक शॉट सरासरी सहा-सात सेकंदांचा धरला तर अठरा-वीस शॉट पुरतात. प्रत्येक शॉटसमोर चौकोन आखून त्यात काडीचित्र काढावे, चित्रकला येण्याची गरज नाही. माणूस चौकटीच्या डावीकडे आहे की उजवीकडे, दुरून दिसतो की जवळून, एवढे कळले म्हणजे झाले. एक पथ्य मात्र पाळावे. माणूस घरून वावराकडे जाताना डावीकडून उजवीकडे चालत असेल, तर पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये वावराची दिशा उजवीकडेच राहिली पाहिजे. मधेच कॅमेरा धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे नेला, तर पडद्यावर तो परत घरी निघाल्यासारखा दिसतो. म्हणून चालण्याच्या वाटेची मनात एक रेघ ओढावी आणि सगळे चित्रण तिच्या एकाच बाजूने करावे.

परवानगी आणि काळजी

ज्याचे वावर आहे त्याला आधी भेटावे, कोणत्या संध्याकाळी येणार ते सांगावे आणि पिकातून न चालता धुऱ्यावरूनच चालावे. बसस्थानकात चित्रण करायचे असल्यास आगारप्रमुखांकडे महाविद्यालयाच्या पत्रासह लेखी अर्ज द्यावा. रेल्वेच्या हद्दीतही परवानगी लागते, आणि रुळांवर तर कोणत्याही कारणाने जाऊ नये. वावरात गमबूट घालून आणि टॉर्च घेऊनच उतरावे, कारण नाग, मण्यार आणि घोणस हे तिन्ही विषारी साप आपल्याकडे आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांनी वाघाचा वावर असलेल्या शिवारात संध्याकाळनंतर थांबूच नये, असा शॉट गावातल्या परसात घ्यावा. मोटारीच्या स्टार्टरला विद्यार्थ्यांनी हात लावू नये, ओल्या हाताने तर नाहीच. आम्ही बटण दाबणारा हात खुद्द शेतकऱ्याचाच घेतला, आणि त्या हातावरच्या भेगा पाहिल्यावर तो शॉट दुसऱ्या कुणाच्या हाताने झालाच नसता, हे मुलांच्याही लक्षात आले.

रात्र संध्याकाळीच चित्रित करावी

खऱ्या अंधारात मोबाईलचे चित्र दाणेदार आणि चिखलासारखे येते. त्यामुळे रात्रीचे बाहेरचे शॉट सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत घ्यावेत. त्या वेळी आकाशात निळा उजेड शिल्लक असतो, झाडांच्या आणि माणसाच्या आकृती स्पष्ट दिसतात, आणि उजेडाची पातळी मोबाईलमध्ये थोडी खाली ओढली की पडद्यावर चांदण्या रात्रीचा भास होतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या सुमारास मावळतो. वेळ इतका थोडा असल्यामुळे एका संध्याकाळी पाच-सहा शॉटच होतात, म्हणून तीन-चार संध्याकाळी राखून ठेवाव्यात. रोज तोच सदरा, तोच दुपट्टा, तेच फावडे आणि तोच टॉर्च हवा. दररोज चित्रण संपताना कलाकाराचा एक फोटो काढून ठेवला, की दुसऱ्या दिवशी बाही दुमडलेली होती की नाही, यावर वाद होत नाही.

बाजारात मिळणाऱ्या एलईडी टॉर्चचा प्रकाश पांढराफटक असतो. त्याच्या काचेवर पिवळा जिलेटिन कागद चिकटवला, की निळ्या अंधारात तो उबदार ठिपका उठून दिसतो आणि प्रेक्षकाची नजर आपोआप तिथे जाते. आमच्या दोन मिनिटांतली प्रकाशयोजना एवढीच होती. शेवटच्या शॉटसाठी पाण्यात जाणारा टॉर्च आम्ही आधी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला होता. पाणी त्याच्या भोवती चढत गेले तसा उजेड हलू लागला, आणि गव्हाच्या कोवळ्या पात्यांच्या सावल्या ओल्या मातीवर थरथरल्या. हे यादीत लिहिलेले नव्हते, पण तिथे कॅमेरा बंद न करता अर्धा मिनिट तसाच चालू ठेवला म्हणून ते हाती लागले.

मोबाईल आडवा धरावा. २५ फ्रेम प्रतिसेकंद ही गती निवडता येत असेल तर ती निवडावी आणि प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे हाताने ठरवता येतात त्या पर्यायात, शटर १/५० सेकंद ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या आकड्यांवर घरातल्या बल्बचा प्रकाश चित्रात लपलपत नाही. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करावा, नाहीतर टॉर्च फिरताच सगळे चित्र क्षणात उजळते आणि काळवंडते. झूम वापरू नये, आपणच दोन पावले पुढे जावे. तिपाई नसेल तर किलोभर तूर कापडी पिशवीत सैल भरावी आणि तिच्यावर मोबाईल दाबून बसवावा. दगडावर, बंडीच्या चाकावर, पाईपावर कुठेही तो हलत नाही. प्रत्येक शॉट कृतीच्या आधी पाच सेकंद सुरू करावा आणि कृती संपल्यावर पाच सेकंदांनी थांबवावा, संकलनाच्या वेळी हे जादाचे सेकंदच उपयोगी पडतात. उन्हाळ्यात प्रकल्प आला असेल तर सकाळी नऊच्या आत काम आटोपावे, कारण ४५ अंशांच्या उन्हात मोबाईल तापून आपोआप बंद पडतो.

आवाजाला निम्मा वेळ द्यावा

विद्यार्थी सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते इथेच. आमच्या पहिल्या संध्याकाळचे संवाद आम्ही कॅमेऱ्याच्या मोबाईलवरच ध्वनिमुद्रित केले. घरी येऊन ऐकले तेव्हा वाऱ्याच्या घोंघाटाखाली एक शब्द लागत नव्हता, आणि त्या संध्याकाळचे सगळे बोलणे टाकून द्यावे लागले. दुसऱ्या दिवसापासून दुसरा मोबाईल कलाकाराच्या सदऱ्याच्या खिशात ध्वनिमुद्रणासाठी ठेवला आणि त्याच्या माइकवर जुन्या लोकरी मफलरचा तुकडा सैलसर गुंडाळला. शॉट सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. संकलनाच्या वेळी चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली, की ओठ आणि शब्द बरोबर बसतात.

संवादांव्यतिरिक्त इतर आवाज वेगळे गोळा करावेत. स्टार्टरचे बटण दाबल्याचा खटका, मोटार धरतानाचा घुमार, पाईपातून आधी येणारे हवेचे फुसकारे आणि मग एकदम कोसळणारे पाणी, ओल्या मातीत फावडे रुतल्याचा आवाज, गमबूट चिखलातून उपसल्याचा आवाज, असे प्रत्येकी निदान अर्धा मिनिट, मोबाईल अगदी जवळ नेऊन मुद्रित करावेत. शिवाय त्याच जागी सगळ्यांनी गप्प बसून एक पूर्ण मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. त्या शांततेत रातकिडे असतात, एखादी टिटवी असते, दूरच्या कुणाच्या तरी वावरातली मोटार असते. ही शांतता सगळ्या शॉटखाली अंथरली, की वेगवेगळ्या संध्याकाळी घेतलेले तुकडे एकाच रात्रीचे वाटू लागतात.

फोनवरचा मुलीचा आवाज आम्ही घरात, भिंतीला वाकळी टांगून मुद्रित केला, म्हणजे खोलीचा घुमारा आला नाही. तिला एकच वाक्य होते, ‘बाबा, लाईन आली काय? जेवाले येता ना?’ आणि त्याचे उत्तर, ‘हा वाफा भरला का निंगतो.’ हे संवाद आधी प्रमाण मराठीत लिहिले होते. वाचून पाहिल्यावर ते पुस्तकातले वाटले, म्हणून मुलांनी ते घरात जसे बोलतात तसे करून आणले. आपल्या बोलीची लाज बाळगू नये आणि केवळ हसे पिकवण्यासाठी तिचा वापरही करू नये, एवढे मी आवर्जून सांगतो.

संगीत हवेच असेल तर चित्रपटातले गाणे उचलू नये. भारतात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर स्वामित्व हक्क असतो. गावातल्या भजनी मंडळाला विचारून नुसता खंजिरीचा ठेका मुद्रित करावा किंवा आजीची परंपरागत जात्यावरची ओवी तिच्या संमतीने घ्यावी, आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव द्यावे.

कलाकार

पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात, वडसा हे त्यांचे मोठे केंद्र आहे, आणि त्या भागातल्या गटाला रंगमंचाचा सराव असलेला नट सहज मिळतो. मात्र त्याचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी घडलेला असतो आणि हातवारेही तसेच मोठे असतात. कॅमेरा हातभर अंतरावर आहे, म्हणजे प्रेक्षक हातभर अंतरावर आहे, हे त्याला समजावून सांगावे आणि वाक्य शेजारच्या माणसाला सांगावे तसे म्हणायला लावावे. ज्याने कधीच अभिनय केला नाही त्याच्या हाती खरे काम द्यावे. फावड्याने दांड फोडताना माणूस कॅमेरा विसरतो.

संकलन आणि श्रेयनामावली

संगणक असेल तर शॉटकट हे संकलनाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि साध्या यंत्रावरही चालते. दाविंची रिझॉल्वची मोफत आवृत्ती उत्तम आहे, पण तिला जोरदार संगणक लागतो. मोबाईलवर काइनमास्टरने काम भागते, फक्त त्याच्या मोफत आवृत्तीत चित्रावर खूण उमटते.

आम्ही चित्र आधी न लावता आवाज आधी लावला. सुरुवातीचे चार सेकंद पडदा काळा, फक्त रातकिडे, मग खटका, आणि मोटारीच्या घुमारासोबत पहिले चित्र. तो घुमार पुढच्या सगळ्या शॉटखाली अखंड ठेवला, त्यामुळे जोड कुठेच खटकले नाहीत, आणि शेवटी तो अचानक तोडला तेव्हा वर्गातली कुजबुजही थांबली.

श्रेयनामावली चित्राच्या रिकाम्या भागात, मजकूर दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ ठेवावी. दिग्दर्शकाचे नाव प्रथेप्रमाणे सर्वांत शेवटी येते. काही मोबाईल ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरे फुटतात, ‘दिग्दर्शन’ शब्दातला ग्द सुटा पडतो. तसे झाल्यास मुक्ता किंवा बालू यांसारख्या मोफत देवनागरी अक्षरवळणात नावे टंकून त्यांचे चित्र तयार करावे आणि ते वरून बसवावे. ज्याच्या वावरात काम केले त्या शेतकऱ्याचे नाव, त्याला हरकत नसेल तर, आभारात नव्हे तर कलाकारांत द्यावे, कारण हात त्याचा आहे.

दाखवून पाहावे

जमा करण्यापूर्वी गोष्ट ठाऊक नसलेल्या चार-पाच जणांना ती दोन मिनिटे दाखवावीत, काहीही न समजावता. मग एकच विचारावे, ‘आता पुढे काय होईल?’ उत्तरे वेगवेगळी आली आणि ती सगळी त्या माणसाविषयी असली, तर काम बरोबर झाले आहे. ‘हा कोण होता?’ असे कोणी विचारले तर त्याचा चेहरा आधी एकदा जवळून दाखवायचा राहिला आहे. ‘मग तो मेला ना?’ असे सगळेच म्हणाले तर शेवटचा एखादा शॉट जास्त झाला आहे, तो काढावा. आमच्या गटाने चिखलात पडलेल्या एका बुटाचा शॉट याच कारणाने काढून टाकला. तो घेणाऱ्या मुलाला फार वाईट वाटले, कारण चित्र म्हणून तो सर्वांत देखणा होता. तो शॉट त्याने स्वतःजवळ जपून ठेवला आहे. प्रकल्पासोबत मात्र १९२० गुणिले १०८० आकाराची एमपी४ फाइल, पटकथा आणि काडीचित्रांची यादी एवढेच पेनड्राइव्हवर दिले, आणि एक प्रत त्या शेतकऱ्याच्या मुलीच्या मोबाईलवर पाठवली.