विनिपेग ते व्हँकुव्हर गाडीने: या चुका टाळा

कॅनडातल्या कॅलगरीत आमच्याकडे दर उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून कुणी ना कुणी उतरतं. यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर वेळापत्रक येतं: सोमवारी विनिपेग, मंगळवारी रेजायना, बुधवारी बॅन्फ, गुरुवारी जॅस्पर, शुक्रवारी व्हँकुव्हर. मी ते वाचतो आणि फोन लावतो. या प्रवासातल्या निम्म्या चुका गाडीची किल्ली हातात येण्याआधीच, घरी बसून केलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक अंतराची. विनिपेग ते कॅलगरी सव्वातेराशे किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-दिल्ली. तिथून व्हँकुव्हर आणखी 970, आणि जॅस्परचा वळसा घेतला तर बाराशेच्या आसपास. रस्ता चांगला, वाहतूक कमी, म्हणून दिवसाला आठ-नऊशे किलोमीटर सहज होतील असं वाटतं. होतातही, पण गाडीतल्या इतरांची सहल तिथेच संपते. लेक लुईस ते जॅस्पर हा आइसफील्ड्स पार्कवे फक्त 232 किलोमीटरचा आहे. फोन तीन तास दाखवतो. बो लेक, पेटो लेक, हिमनदी, अथाबास्काचा धबधबा असं थांबत गेलात तर सकाळी निघून संध्याकाळी पोचता. प्रेअरीत, म्हणजे मधल्या सपाट मैदानात, दिवसाला पाच-सहाशे आणि डोंगरात अडीचशे किलोमीटर धरा. वेळापत्रकात बसत नसेल तर एक शहर गाळा, डोंगरातला दिवस गाळू नका.

दुसरी चूक खास आपली: मेची सुट्टी. मुलांच्या शाळा बंद, तिकिटं त्यातल्या त्यात बरी, म्हणून मंडळी मेच्या मध्याला येतात आणि निळंशार पाणी बघायच्या जागी बर्फाचा पांढरा पत्रा बघून परततात. लेक लुईसचा बर्फ बहुधा जूनच्या सुरुवातीला सुटतो. शेजारच्या मोरेन लेकचा रस्ताही साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो. शिवाय फोटोतला तो रंग बर्फ वितळला की लगेच येत नाही. हिमनद्या खडक दळून त्याचं पीठ करतात, ते वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येऊन तरंगतं आणि त्याच्यावरून उजेड फाकतो, तेव्हा तो निळा-हिरवा रंग दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो खुलतो. मेमध्येच यायचं असेल तर डायनासोर-संग्रहालयाचं गाव ड्रमहेलर आणि प्रेअरीला जास्त दिवस द्या.

जुलै-ऑगस्टलाही किंमत आहेच. वणव्यांचा धूर आला की समोरचा डोंगर दिसेनासा होतो. जुलै 2024 मध्ये जॅस्पर गावाचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या आणि निघायच्या दिवशी धुराचा अंदाज बघा. जुलैच्या पूर्वार्धात कॅलगरीत स्टँपीड, म्हणजे काउबॉयांची मोठी जत्रा, असतं. तेव्हा खोल्यांचे भाव ऐकून आमचा सोफाच लोकांना आवडायला लागतो.

आता मोरेन लेकबद्दल, कारण सगळ्यात जास्त रडारड इथे होते. 2023 पासून तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही. पहाटे चारला गेलात तरी नाही. पार्क्स कॅनडाच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं) शटल बसची जागा आधी घ्यावी लागते. काही जागा वसंतातच सुटतात, त्या गेल्या म्हणून हातपाय गाळू नका. बाकीच्या जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी, इथल्या सकाळी आठला सुटतात. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे घरचं कुणी तिकडून लॉग-इन करून मदत करू शकतं. तेही हुकलं तर खासगी बस असतात, फक्त महाग.

राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेश-पासचा गोंधळही नेहमीचा. ट्रान्स-कॅनडा महामार्गावरून न थांबता पलीकडे जायचं तर पास लागत नाही, पण आइसफील्ड्स पार्कवेला लागतो. वर्षाचा कुटुंब-पास एका गाडीतल्या सात जणांना चालतो.

त्याच पार्कवेवर फोनला जवळजवळ रेंज नसते, आणि मधे पेट्रोल सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग या थांब्याला, तेही हंगामातच. टाकी लेक लुईसला किंवा जॅस्परला पूर्ण भरा, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. प्रेअरीतही अर्धी टाकी उतरली की भरायची, हा आमच्या घरचा नियम. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. पंपावरच्या यंत्राने भारतीय कार्ड नाकारलं तर घाबरू नका, आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरा.

प्रेअरी कंटाळवाणी म्हणून ती रात्रीत उरकायची, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. संध्याकाळी आणि पहाटे हरणं रस्त्यावर येतात आणि सरळ रस्त्यावर डोळा लागतो. शिवाय मोहरीसारखी पिवळी पेटलेली कॅनोलाची शेतं रात्री कशी दिसणार? घड्याळाचंही बघा: मधल्या सस्कॅचवान प्रांतात बहुतेक ठिकाणी घड्याळ कधी पुढे-मागे करत नाहीत. उन्हाळ्यात मॅनिटोबातून (विनिपेगचा प्रांत) आत आलात की एक तास मागे, पण तिथून आल्बर्टात (कॅलगरीचा प्रांत) शिरताना फरक नाही.

डायनासोरच्या नावाने फसगत होते ती वेगळीच. ड्रमहेलरला रॉयल टिरेल संग्रहालय आहे, आणि युनेस्कोच्या यादीतलं डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क तिथून सुमारे दोन तासांवर, ब्रुक्सजवळ. लोक एकाचं तिकीट काढून दुसऱ्याच्या दारात उभे राहतात. ग्लेशियर नॅशनल पार्कचंही तसंच. एक रॉजर्स पास या घाटात, कॅनडात, दुसरं मोंटानात. फोनने दुसरं निवडलं तर अमेरिकेची सीमा येते आणि व्हिसा नसला की गाडी वळवावी लागते.

अस्वल दिसलं की गाडीतून उतरणं, ही चूक दर वर्षी कुणीतरी करतंच. अस्वल आणि लांडग्यापासून 100 मीटर, एल्क या मोठ्या हरणापासून 30 मीटर दूर राहायचं. सप्टेंबरात एल्कचे नर माजावर असतात, गावातल्या हिरवळीवरचेसुद्धा. बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा, विमानात नेता येत नाही, इथे येऊन विकत घ्यायचा. आणि तो ओडोमॉससारखा अंगाला लावायचा नसतो! हसू नका, असा पाहुणा मी पाहिला आहे.

गाडी चालवताना दोन गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो. चारी बाजूंना स्टॉपची पाटी असेल तर जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी निघतो, हॉर्न वाजवून नंबर लागत नाही. शाळेची बस लाल दिवे चमकवत थांबली असेल, तर मधे दुभाजक नसताना समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. परवान्याचं मूळ कार्ड आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा. आमच्या एका नातेवाइकांना भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर डेबिट कार्ड चालत नाही म्हणून दोन तास बसवलं होतं. चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड असू द्या.

ऑक्टोबरमध्ये निघणार असाल तर 1 ऑक्टोबरपासून ब्रिटिश कोलंबियाच्या (व्हँकुव्हरचा प्रांत) डोंगरी रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, गाडी घेतानाच विचारा. रॉजर्स पासचा रस्ता हिमस्खलन रोखण्याच्या कामासाठी काही तास बंद झाला, तर वळसा घालायच्या फंदात पडू नका. दक्षिणेकडचा रस्ता कित्येक तास जास्तीचा आहे. सकाळी निघताना रस्त्यांची हालहवाल सांगणाऱ्या ‘ड्राइव्ह बीसी’ आणि ‘511 आल्बर्टा’ या साइट बघा. थांबावंच लागलं तर वाटेतल्या गोल्डन किंवा रेव्हलस्टोक गावात खोली मिळते का, ते आधी फोन करून विचारा. बाकीच्या गाड्यांनाही तीच खोली हवी असते.