नखाला बुरशी लागलीय असं वाटतंय? मग आधी हे वाचा

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळट होऊन जाड झालं, खालून भुगा पडायला लागला की आपण लगेच मेडिकलमधून मलम आणतो. थांबा जरा. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी निघते, बाकी सोरायसिस, जुनी ठेच, घट्ट बूट असं काहीही असू शकतं आणि नुसतं बघून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून स्किनवाल्या डॉक्टरकडून नखाचा तुकडा आणि खालचा भुगा तपासून घ्या, तेही औषध सुरू करायच्या आधी, कारण मलम लावून गेलात तर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

बुरशी निघालीच तर साधं क्रीम विसरा, ते जाड नखातून आत पोचतच नाही. फक्त टोकाकडे असेल तर अमोरोल्फिनचं नेलपेंटसारखं औषध मिळतं, नख घासून पातळ करायचं आणि आठवड्यातून १-२ वेळा लावायचं (ती कानस चांगल्या नखांना अजिबात लावू नका). मुळापर्यंत गेलं असेल तर गोळ्याच. बहुतेक वेळा टर्बिनाफिन २५० मिग्रॅ रोज, हाताला ६ आठवडे, पायाला १२, पण लिव्हरचा त्रास किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने घेऊ नका प्लीज.

आणि इथेच लोक धीर सोडतात! कोर्स संपला तरी नख खराबच दिसतं, कारण बिघडलेलं नख सुधारत नाही, मागून नवीन येतं तसं ते पुढे सरकतं आणि कापलं जातं. हाताचं नख महिन्याला ३ मिमी वाढतं, पायाचं त्याच्या निम्मंच, त्यामुळे अंगठ्याला १२ ते १८ महिने धरून चाला. दर महिन्याला फोटो काढा, मुळाशी स्वच्छ नख दिसायला लागलं की औषध लागू पडतंय.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर त्यांचाही इलाज सोबतच करा, नाहीतर तिथूनच परत नखात येणार. नेलकटर वेगळं ठेवा, पाय कोरडे ठेवा. हात सतत पाण्यात असतील तर रबरी ग्लोव्हजच्या आत सुती घाला.

डायबेटिस असेल तर वाट बघत बसू नका. आणि नखात नवीन काळी उभी रेघ दिसली, रुंद होत असेल तर आणखीच, ती बुरशी समजून सोडू नका, त्याच आठवड्यात दाखवा, क्वचित तो कॅन्सरही असतो.