कॅलिपर खोलायच्या आधी

कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग, खोलायला अर्धा तास पुरतो. पुढे गाडी आठवडाभर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी राहते ती तांब्याच्या दोन वॉशरपायी, नाहीतर तुटलेल्या एका निप्पलपायी, म्हणजे ऑइलमधली हवा काढायच्या तोटीपायी. वडिलांच्या १९९१च्या मारुती ८००चे पुढचे ब्रेक एकदा गॅरेजात खोलले गेले, दुसऱ्यांदा मी परभणीत आमच्या अंगणात खोलले. दुसऱ्या खेपेला सगळं आधी जमवून बसलो होतो, ते सांगतो. प्रीमियर पद्मिनीला ड्रम ब्रेक असतात, तिची तयारी वेगळी. हे पुढच्या डिस्कचं, एका पिस्टनच्या आणि पिनांवर सरकणाऱ्या कॅलिपरचं आहे.

सगळ्यात आधी दोष कॅलिपरचाच आहे ना, ते बघून घ्या. गाडी घोड्यांवर घ्या, कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि चाक हातानं फिरवा. चाक धरलेलंच असेल तर निप्पल थोडं ढिलं करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब मागे अडकला होता. अशा वेळी कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारा रबरी होज आतून फुगलेला असतो किंवा पेडलनं दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये गडबड असते. निप्पल उघडूनही चाक जामच राहिलं, तर पिस्टन नाहीतर पिना धरल्यात. जुन्या गाडीचे दोन्ही होज मी तसेही बदलतो, कारण बाहेरून धड दिसणारा होज आतून बुजलेला निघतो.

निप्पलचं काम चार दिवस आधी सुरू करा. आपल्याकडचा काळ्या मातीचा चिखल कॅलिपरवर वाळला की दगड होतो आणि निप्पलच्या तोंडात बसतो. तारेच्या ब्रशनं तो काढा, रोज संध्याकाळी गंज सोडवायचं ऑइल मारा, हातोडीनं हलके ठोके द्या. पान्हा सहा कोनी सॉकेटचाच घ्या. बारा कोनी रिंग पान्हा जुन्या निप्पलचे कोपरे खातो. दोन नवी निप्पलं खिशात असू द्या.

कॅलिपर दुरुस्तीच्या किटमध्ये दोन मुख्य वस्तू हव्यात: आतला सील आणि बाहेरचा धूळ अडवणारा बूट. सील हातात घेऊन नीट बघा. तो गोल वायरसारखा नसतो, त्याचा छेद चौकोनी असतो. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर थोडा वाकतो. पेडल सोडलं की सील सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतो. पॅड डिस्कपासून सुटतं ते एवढ्याशा रबराच्या जोरावर, स्प्रिंग तिथे नसतेच. म्हणून ज्या खाचेत सील बसतो ती खाच लख्ख हवी. तिथला गंज काढायला पितळी किंवा लाकडी काडी लागेल. स्टीलचं टोक खाच ओरखडतं.

सील पिस्टनच्या अंगावर घासतो, म्हणजे ऑइल रोखणारा पृष्ठभाग पिस्टनचा आहे. बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या भोकात, किरकोळ डाग असले तर चालतं, पिस्टनवर चालत नाही. पिस्टन पुसून त्यावरून नख फिरवा. जिथे नख अडकतं तिथून ऑइल झिरपणार. पॉलिश पेपरनं घासत बसू नका, क्रोम गेला की गंज पुन्हा येतो. नवा पिस्टन आधीच विचारून ठेवा. न मिळणाऱ्या गाडीचा असेल तर जुना नमुना घेऊन वाळूज किंवा चिकलठाण्याच्या लेथवाल्याकडे जा आणि स्टेनलेस स्टीलमध्ये अगदी त्याच मापाचा करून घ्या.

धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल ठेवा. डिझेल, पेट्रोल, रॉकेल अंगणातच नको. पहिल्या खेपेला गॅरेजात आमचे सील डिझेलच्या परातीत बुडवले गेले. तिसऱ्या आठवड्यात रबर फुगलं आणि डावं चाक धरून बसलं. ब्रेकचं रबर खनिज तेलाला टिकत नाही. म्हणून पिनांनाही साधं ग्रीस नको, सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच घ्या.

ब्रेक ऑइलचे सीलबंद डबे घ्या आणि अगदी शेवटी उघडा. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून पावसाळ्यात हे काम मी काढत नाही. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. कन्नडचा औट्रम घाट उतरताना ब्रेक तापत गेले आणि आत ऑइल उकळलं, तर वाफ दबते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.

पॅडची धूळ हवेनं उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं टिपा. पिस्टन काढायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोह घालतो, पण हवेनं पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट चेचतो. होज जोडलेला असतानाच समोर लाकडाचा ठोकळा धरून पेडलच्या दाबानं पिस्टन हळूहळू बाहेर आणा.

सकाळी बसताना एका वेळी एकाच बाजूचं काम काढा. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहू द्या. कॅलिपर होजला लोंबकळू द्यायचा नाही, बांधायला तार हवी. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बेंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे हवेत. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच ओतायला पाण्याची बादली जवळ ठेवा. परत बसवताना निप्पल वरच्या बाजूला आहे ना, ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर हवा कधीच निघत नाही.

ब्लीडिंगला, म्हणजे ऑइलमधली हवा काढायला, माणूस सांगून ठेवा. आमच्याकडे धाकटा भाऊ बसतो, मी खालून "दाब, धर, सोड" म्हणत जातो. मग दोन्ही चाकांखाली कोरा कागद पसरून त्यानं पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायचं. कागद रात्रभर तसाच ठेवतो. सकाळी कोरडा निघाला की आधी हँडब्रेक तपासायचा आणि मग गाडी गल्लीतून पहिल्या गिअरवर काढायची.