कॅराव्हॅनने जंगलसहलीला निघताना या चुका टाळा

सुट्टी जवळ आली की इंदूरच्या अनेक मराठी घरांत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकाच गाडीतून नेण्याचा विषय निघतो, आणि हल्ली त्यात कॅराव्हॅन भाड्याने घेण्याची कल्पनाही पुढे येते. कल्पना उत्तम आहे. पथ्याचा मऊ भात गाडीतच शिजवता येतो, ज्येष्ठांना हवे तेव्हा पाठ टेकता येते, आणि स्वच्छतागृहासाठी ढाबा शोधत बसावे लागत नाही. तरीही अशा सहलींतून माणसे दमून परततात, कारण मुक्काम करण्यासाठी घेतलेली गाडी ती दिवसभर पळवत राहतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

एका आठवड्यात तीन उद्याने

सातपुडा, पेंच आणि कान्हा ही तिन्ही नावे एकाच आठवड्याच्या आराखड्यात लिहिणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज होणारी चूक आहे. इंदूर ते भोपाळ सुमारे १९० किलोमीटर, तेथून नर्मदापुरम आणि सोहागपूरमार्गे सातपुड्याच्या मढई प्रवेशद्वारापर्यंत आणखी साधारण १४० किलोमीटर. मढईहून मटकुली, तामिया आणि छिंदवाडा या वाटेने पेंच दोनशे किलोमीटरांच्या आसपास, आणि कान्हाहून इंदूरला परत यायचे तर सहाशे किलोमीटरांच्या घरातील प्रवास. घरच्या कारचा वेग मनात धरून हे गणित मांडले जाते. सामान, पाण्याची टाकी आणि सहा-सात माणसे घेऊन चाललेली कॅराव्हॅन मात्र गावे, घाट आणि थांबे धरून तासाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच पुढे सरकते. तीनशे किलोमीटर म्हणजे चहा-जेवणासह अख्खा दिवस. त्यातच दुसऱ्या दिवशीची सकाळची सफारी आधीच नोंदवलेली असेल तर पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवावे लागते.

म्हणून एका सहलीत एकच उद्यान घ्यावे, फार तर त्याला जोडून असलेले एखादे ठिकाण घ्यावे. एका जागी किमान तीन रात्री राहावे आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी ठेवूच नये. इंदूरकरांनी पहिल्या सहलीसाठी सातपुडा निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी भोपाळपर्यंतच जावे. दुसऱ्या दिवशी वाटेत भीमबेटका आहे, जेथील शैलाश्रयांना २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, आणि तेथे मुलांना दोन तास मोकळे फिरता येते. त्यानंतर उरलेला टप्पा उजेडातच पूर्ण होतो. मढईला गाडी अलीकडच्या काठावर ठेवून देनवा नदी होडीतून ओलांडावी लागते आणि सफारी पलीकडून सुरू होते. येथे जीपसफारीखेरीज होडीतून आणि पायीही जंगल पाहता येत असल्यामुळे ज्यांना जिप्सीचे, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपचे, धक्के सोसत नाहीत त्यांचीही सोय होते. वाघ दिसलाच पाहिजे हा आग्रह येथे सोडावा लागतो. अस्वल, गवा, शेकरू आणि पाण्याकाठचे पक्षी पाहण्याची तयारी मुलांच्या मनात आधीपासून करून दिली तर ती निराश होत नाहीत.

गाडी ठरली, परवाने राहिले

कॅराव्हॅनची आगाऊ रक्कम आधी भरायची आणि सफारीचे नंतर पाहू म्हणायचे, हा क्रम उलटा आहे. आपली गाडी, मग ती कितीही सुसज्ज असली तरी, उद्यानाच्या कोअर भागात, म्हणजे आतल्या गाभ्याच्या जंगलात, जात नाही. तेथे नोंदणीकृत जिप्सीच चालते आणि एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. आठ जणांच्या कुटुंबाला दोन जिप्सी लागतात, हे गेटवर कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. परवान्यांची नोंदणी मध्य प्रदेश शासनाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून बरीच आधी उघडते आणि दिवाळी, नाताळ व लांब सुट्टीचे दिवस लवकर भरतात. आधी परवाने हातात घ्यावेत, मगच गाडीच्या तारखा पक्क्या कराव्यात.

नोंदणी करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते. आजोबांच्या नावापुढे आधारचा क्रमांक भरला आणि सोबत वाहन परवाना नेला, तर पहाटेच्या रांगेत व्यर्थ खोळंबा होतो. प्रत्येकाचे ओळखपत्र परवान्याच्या छापील प्रतीसह एकाच पाकिटात ठेवावे आणि ते पाकीट कॅराव्हॅनमध्ये न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावे. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, त्यामुळे प्रवासाचा किंवा विश्रांतीचा दिवस बुधवारी येईल अशी आखणी केली तर काहीच वाया जात नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात कोअर भाग पावसाळ्यासाठी बंद असतो. कोअर भागातील सफारीत मोबाइल वापरता येत नाही; छायाचित्रांची हौस असेल तर साधा कॅमेरा आणि घरात असेल ती दुर्बीण सोबत घ्यावी.

ज्येष्ठांना जिप्सीच्या मागच्या उंच आसनावर बसवू नये. मागच्या चाकावर आलेला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला जाणवतो, म्हणून चालकाच्या लगतची मागची रांग त्यांच्यासाठी राखावी. रोज दोन सफाऱ्या हा तरुणांचा कार्यक्रम आहे. आजी-आजोबांना तीन दिवसांत एक पुरेशी होते. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा अक्षरशः बोचतो, तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि प्रत्येकी एक घोंगडी हवीच. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यांवर प्राणी अधिक दिसतात हे खरे आहे. परंतु लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर मी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीच सुचवेन, आणि त्याचे एक कारण गाडीतल्या विजेशी जोडलेले आहे.

रात्री एसी बंद का पडतो?

गाडी दाखवताना एसी चालू करून दाखवला जातो, तेव्हा तो बहुधा बाहेरच्या विजेवर किंवा चालू इंजिनावर चाललेला असतो. केवळ बॅटरीवर तो किती चालेल याचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी म्हणजे सुमारे २,४०० वॅट-अवर वीज. लिथियम बॅटरी असेल तर त्यातली दोन हजारांच्या आसपास वापरता येते आणि एक टनाचा एसी तासाला साधारण एक हजार घेतो, म्हणजे दोन तासांत खेळ संपतो. जुन्या पद्धतीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीची निम्मीच वीज वापरणे हितावह असते, तेव्हा तेथे तासाभराचाच भरवसा. याउलट दोन पंखे, दिवे आणि लहान फ्रिज मिळून शंभरेक वॅटच घेतात आणि रात्रभर निभावतात. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर गाडी तापलेलीच राहते आणि कुटुंब अंगणात येऊन बसते, ते याच कारणाने.

त्यामुळे मुक्कामाची जागा ठरवताना, ‘तुमच्याकडे गाडीसाठी १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग आहे का?’ हा प्रश्न फोनवरच विचारावा. अशा प्लगमधून फार तर साडेतीन किलोवॅट मिळतात. एसी, गीझर आणि इंडक्शन एकदम चालवले की पाच किलोवॅटची मागणी होते आणि एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारी कळ, खाली पडते. असे झाल्यास पुनःपुन्हा कळ वर करत बसू नये. सर्व उपकरणे बंद करून कळ एकदाच वर करावी आणि मग एकेक उपकरण चालू करावे. पहिल्याच उपकरणाला पुन्हा पडली तर दोष त्या उपकरणात किंवा वायरमध्ये आहे. बाहेरून वीज आणणारी वायर किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची असावी आणि रिळावर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. एसी सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून पाहावा: कोमट लागले तर चालेल, चटका बसला तर लगेच बंद करावा. ग्रामीण भागात रात्री विजेचा दाब उतरतो आणि एसीचा कॉम्प्रेसर नुसताच गुरगुरतो. तेव्हाही हट्ट न करता पंख्यावर भागवावे.

दिवसभर गाडी चालूनही बॅटरी भरलेली दिसत नसेल, तर इंजिनाकडून पंखे-दिव्यांच्या बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवरचा फ्यूज प्रथम तपासून घ्यावा. गाडी ताब्यात घेताना तो कोठे आहे हे दाखवून घेतलेले असावे आणि एक जादा फ्यूज जवळ असावा.

पाणी आणि दुर्गंधी

शंभर लिटरची टाकी ऐकायला मोठी वाटते, पण सहा जणांनी त्यातच अंघोळी केल्या तर ती दुपारपर्यंतही टिकत नाही. यावर माझा ठाम उपाय असा, की कॅराव्हॅन जेथे लावायची तेथेच एक खोलीही घ्यावी. अंघोळी त्या खोलीत होतात, आजी-आजोबांना चढ-उतार न करता झोपता येते, आणि गाडीतले पाणी स्वयंपाक व हात-तोंड धुण्यापुरते उरते. ‘मग कॅराव्हॅन कशाला?’ असा प्रश्न घरातून येईल, पण प्रवासातला आराम आणि घरचे जेवण हे तिचे खरे उपयोग या खोलीमुळे कमी होत नाहीत.

नळ बंद असूनही पंपाचा घुर्रघुर्र आवाज येत राहिला तर पंपाची कळ लगेच बंद करावी. टाकी रिकामी झालेली असते, एखादा नळ किंचित उघडा असतो, किंवा सिंकखालचा जोड गळत असतो. कोरडा चाललेला पंप जळतो आणि मग सहल बादलीवर येते. गाडीत कुबट वास येऊ लागला की सर्वजण शौचालयाला दोष देतात. पुष्कळदा मात्र घाटातल्या हेलकाव्यांनी सिंकखालच्या वाकड्या नळीत अडलेले पाणी निघून गेलेले असते आणि सांडपाण्याच्या टाकीचा वास वर येतो. पेलाभर पाणी सिंकमध्ये ओतले की तो थांबतो.

शौचालयाची पेटी वीसेक लिटरची असते आणि सहा माणसांत ती दिवसाकाठी भरते. ती मुक्कामाच्या जागी परवानगीने सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच रिकामी करावी. शेतात, नाल्यात किंवा देनवेच्या काठी कधीही नाही. २०१७ पासून सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत देशात पहिल्या आलेल्या शहरातून आपण जातो, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आपल्या घरांना आहे, ती जंगलाच्या दाराशी मोडू नये. झाकण असलेले दोन डबे गाडीत ठेवावेत. माकडांमुळेही हे आवश्यक आहे, कारण उघड्या दारातून शेवेची पुडी पळवणारे माकड पुढच्या पर्यटकाच्या हाताला चावायला शिकते.

शेगडी, थंडी आणि बंद खिडक्या

ही चूक जिवावर बेतू शकते. थंडीच्या रात्री गाडी उबदार राहावी म्हणून गॅस पेटता ठेवणे किंवा कोळशाची शेगडी आत घेणे म्हणजे रंग-गंध नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडला घरात घेणे आहे. स्वयंपाक करतानाही छतावरची झडप आणि एक खिडकी उघडी असावी, आणि झोपण्यापूर्वी सिलिंडरची मुख्य चावी बंद करावी. उबेसाठी रजया पुरतात. जेवणाचे म्हणाल तर दशम्या, मेतकूट-भात, मुगाची खिचडी आणि सकाळचे पोहे एवढ्यावर तीन दिवस सुखाने जातात. तळणाचे पदार्थ चालत्याच काय, उभ्या कॅराव्हॅनमध्येही करू नयेत.

चालकाचा विसर

चालकासह गाडी घेतली की त्याच्या जेवणाची आणि झोपेची सोय पुष्कळ कुटुंबांच्या यादीत नसते. त्याने पुढच्या आसनावर वाकून रात्र काढायची आणि सकाळी घाट उतरायचा, हे अन्यायाचे आहेच, शिवाय सर्वांसाठी धोक्याचे आहे. त्याला स्वतंत्र अंथरूण मिळेल हे मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून ठेवावे. अंधार पडल्यावर जंगलपट्ट्यातून गाडी हाकण्याचा आग्रह त्याला करू नये, कारण रस्त्यावर येणारे प्राणी आणि दिवे नसलेले ट्रॅक्टर दोन्ही अखेरच्या क्षणी दिसतात. पचमढीचा किंवा तामियाचा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे. सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होतात. गाडी चालू असताना पलंगावर कोणी झोपू नये आणि ओट्याशी कोणी उभे राहू नये, प्रत्येकाने पट्टा लावून आसनावरच बसावे. मुलांना मळमळत असेल तर त्यांना पुढच्या रांगेत आणावे, कारण मागच्या चाकांच्या पुढे झोके कमी बसतात.

न तपासलेली गाडी

पहिल्यांदा कॅराव्हॅन घेणाऱ्यांनी मढईपूर्वी महेश्वरची एका रात्रीची फेरी करावी. अंतर शंभर किलोमीटरांच्या आत आहे, वाटेत उतार आहे आणि काही बिघडले तर त्याच दिवशी घरी परतता येते. या फेरीत बाहेरची वीज न जोडता रात्र काढावी, सकाळी बॅटरी किती उरली ते कागदावर लिहावे, पाण्याची टाकी भरल्यापासून किती वेळ पुरली तेही लिहावे. गाडी नोंदणीपुस्तकात कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे का, पर्यटन परवाना आणि विमा सहलीच्या तारखांपर्यंत वैध आहेत का, टायर थंड असताना हवा किती आहे, आणि छतावरच्या एसीसह एकूण उंची किती आहे, हे सर्व ताब्यात घेतानाच पाहावे. उंचीचा आकडा पट्टीवर लिहून चालकासमोर चिकटवावा, म्हणजे रिसॉर्टच्या कमानीखाली आणि लोंबत्या तारांपाशी अंदाजाने गाडी घालावी लागत नाही. जुने ओरखडे दिसतील असे चित्रीकरण मालकासमोरच करून घ्यावे, आणि परतीच्या दिवशी सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची पेटी मुक्कामाच्या जागीच रिकाम्या करूनच निघावे. इंदूरला पोहोचल्यावर त्यांची सोय करणे अवघड जाते आणि साफसफाईची रक्कम अनामतीतून कापली जाते.